संजनाची रेघ

लग्नात नवऱ्याने तांदळात नाव लिहिलं तेव्हा ताटाभोवती बायकांची एवढी गर्दी झाली, की जिचं नाव बदलत होतं तिलाच ते दिसेना. मला पाटावरून उठायची परवानगी नव्हती. कुणीतरी ओरडलं, "शुभांगी! शुभांगी!" आणि टाळ्या पडल्या. तेव्हा मला कळलं की आजपासून मी शुभांगी. संजना कोरगावकर या नावाने शाळा-कॉलेज केलेली, त्याच नावाने एमएस्सी झालेली, गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याच नावाने सही करणारी बाई सोन्याच्या अंगठीच्या चार फिरवण्यांत संपली. आणि वर मला उखाणा घ्यायला लावला.

मी तेव्हा हसले होते. फोटोत माझे सगळे दात दिसतात. पण आज हे सांगताना मला हसू येत नाहीये, आणि तुम्हीही लगेच "जाऊ दे गो, पद्धतच ती" म्हणून मोकळे होऊ नका. आधी ऐकून घ्या.

नोकरी लागल्यावर मी स्वतःसाठी पहिली मोठी वस्तू घेतली ती कॉम्प्युटर. पेडण्यातल्या आमच्या घरी तो खिडकीपाशी असायचा आणि मी कंपनीत गेले की दिवसभर नुसता बसून असायचा. माझी मैत्रीण अश्विनी भौतिकशास्त्र शिकवते. तिने एकदा तो तसा रिकामा बघितला आणि म्हणाली, "ह्येका कामाक लाव गो." युरोपातल्या एका विद्यापीठाचा प्रकल्प होता. रेडिओ दुर्बिणींकडे आकाशातून इतकी माहिती येते की ती चाळायला त्यांच्याकडची यंत्रं पुरत नाहीत. म्हणून तिचे तुकडे करून ते जगभरच्या लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरना वाटतात. आपण एक प्रोग्राम बसवायचा. कॉम्प्युटर रिकामा असला की तो एक तुकडा उतरवून घेतो, हिशेब करतो, उत्तर परत पाठवतो. दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्राने काढलेलं उत्तर आपल्याशी जुळलं की आपल्या नावावर गुण पडतात. त्या गुणांचं काहीही मिळत नाही. ना बक्षीस, ना सवलत. शोधायचं काय, तर पल्सार. म्हणजे मरून गेलेला तारा, जो स्वतःभोवती गिरक्या घेत राहतो आणि दर गिरकीला रेडिओलहरींचा एक ठोका पाठवतो.

मला ते फार आवडलं. आम्ही दोघींनी आमची टीमसुद्धा काढली. नाव ठेवलं "पेडणे". अश्विनी कॅप्टन, कारण अर्ज तिने भरला. जगाच्या यादीत वर एक जर्मन गाव, खाली ब्राझीलचं कुठलंसं कॉलेज आणि मध्ये आम्हा दोघींचं पेडणे. आम्ही ते पान इतक्या वेळा बघायचो की अश्विनीची आई म्हणायची, एवढ्या वेळा स्थळं बघितली असतीत तर एव्हाना लग्नं झाली असती.

त्या संकेतस्थळावर प्रत्येकाचा इतिहास दिसतो. कधी आलात, किती यंत्रं लावलीत, कुठल्या दिवशी किती काम झालं. सगळ्याची मिळून एक रेघ काढलेली असते. माझी रेघ मला तोंडपाठ होती. चवथीला ती खाली यायची, कारण मखराच्या दिव्यांना तोच प्लग लागायचा. एका जागी ती जमिनीला टेकून सपाट पडली आहे, तेव्हा बाबा म्हापशाला इस्पितळात होते आणि आम्ही सगळे तिकडेच होतो. एका जागी अचानक उंच गेली आहे, कारण मी बोनसमधून नवीन ग्राफिक कार्ड बसवलं होतं. मी आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. मला गरजच वाटली नाही, माझी रेघ होती ना.

लग्न झालं आणि तो कॉम्प्युटर कपाट, भांडी यांच्याबरोबर टेम्पोतून डिचोलीला आला. माझा नवरा गौरेश साळकर वीज खात्यात इंजिनिअर आहे. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर एक जोरदार भांडण करून मी मोकळी झाले असते. चांगल्या माणसाशी भांडायचं म्हणजे आधी त्याला आपण का भांडतोय ते समजावून सांगावं लागतं, आणि त्यातच अर्धा राग निघून जातो.

त्याने मोठ्या हौसेने कॉम्प्युटर टेबलावर मांडला, वायरी बांधल्या आणि मला डोळे मिटायला सांगून पुढ्यात बसवलं. "उगड आतां," म्हणाला. प्रोग्राम तोच होता. कोपऱ्यात मात्र नाव होतं शुभांगी साळकर. त्याने कॉम्प्युटरवरून माझं जुनं खातं काढून तिथे नवीन उघडलं होतं. मला भेट म्हणून. ईमेलचा पत्ता त्याचा घातला होता, कारण माझा पत्ता कंपनीचा होता आणि मी कंपनी सोडली तसा तो बंद झाला होता.

"पळय, तुजें नवें नांव!" तो म्हणाला.

नावापुढे शून्य होतं.

त्या आठवड्यात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नवीन नावाने सह्याच करत होते. बँक, आधार, रेशन कार्ड, गॅस. त्यात हे एक. मी म्हटलं, बरं आहे. नंतर जुन्या खात्यात शिरायचा प्रयत्न केला, तर पासवर्ड बदलायची चिठ्ठी त्याच मेलेल्या पत्त्यावर जायची. बाहेरून पान दिसायचं, आत जाता यायचं नाही. संजना कोरगावकर, टीम पेडणे, आणि रेघ. ती एका तारखेपर्यंत डोलत डोलत येते आणि तिथून पुढे सरळ आडवी. माझ्या लग्नाच्या आठवड्यातली तारीख. बाबा इस्पितळात होते तेव्हाही अशी आडवी झाली होती, पण तेव्हा ती परत वर उठली होती.

मी अधूनमधून ते पान उघडून बघायची. का, ते विचारू नका. आपल्या माहेरच्या घरावरून बस जाते तेव्हा आपण मान वळवून बघतोच ना, तसं.

आता सासूबाई. त्यांचं नाव देवकी. त्यांना तो कॉम्प्युटर डोळ्यांसमोर नको असायचा. तिन्हीसांजेला दिवा लावायची वेळ झाली की त्या हात धुऊन यायच्या, खटकन बटण बंद करायच्या, आणि म्हणायच्या, "घरांत लक्ष्मी येवच्या वेळार हें कितें घुरघुरता?" शुभांगी साळकरच्या रेघेला रोज संध्याकाळी एक खड्डा आहे तो त्यांचा. शेजारी तर मी त्यावर बिटकॉइन का कसली तरी नाणी पाडते असंच समजायचे. मी कुणाला समजावत बसले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एकदा घरचा फोन वाजला. मी घेतला. पलीकडून म्हातारा आवाज, "चंद्रभागा आसा?"

"हंय त्या नावाचा कोण नाय," मी पेडण्याच्या बोलीत म्हटलं. "राँग नंबर."

मी ठेवणार एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. खरोखर धावत. हाताला पीठ तसंच. त्यांनी माझ्या हातातून रिसिव्हर ओढून घेतला आणि ओरडल्या, "दादा! ठेवूं नाका, हांव आसा! हांव आसा!" नार्व्याचे त्यांचे भाऊ होते, सखाराममामा. नदीकाठी शेती करतात. त्यांच्या जिभेवर बहिणीचं सासरचं नाव कधी बसलंच नाही. फोन झाल्यावर सासूबाई माझ्याकडे न बघता आत गेल्या. मीही काही विचारलं नाही. नवीन होते.

मग वर्षं गेली. मला डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळाली, परत प्रयोगशाळेत, आता शुभांगी या नावाने. कॉम्प्युटर दोनदा बदलला. प्रकल्प मात्र मी सोडला नाही. एक दिवस मला दिसलं की माझ्या नव्या रेघेतले संध्याकाळचे खड्डे बंद झाले आहेत. मला वाटलं बटण बिघडलं असेल. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "घुंवता तर घुंवूं दी. कोणाचें कितें वता?" फिरतंय तर फिरू दे, एवढंच.

काही महिन्यांपूर्वी अश्विनीचा फोन आला. मी कंपनीत होते.

"संजना गो! खंय असस तू?" ती ओरडत होती. "तुका पल्सार गावलो!"

प्रकल्पवाल्यांनी जुनी माहिती नव्या पद्धतीने परत तपासली होती. तीत एक ठोका पक्का ठरला. दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीने खात्री केली. आणि तो पहिल्यांदा ज्या यंत्राने पकडला ते यंत्र होतं पेडण्यातल्या एका खिडकीपाशी ठेवलेलं. खातं संजना कोरगावकर. त्यांनी तिला लिहिलं तर पत्र परत आलं, म्हणून टीमच्या कॅप्टनला विचारलं, ही बाई कुठे सापडेल? शोधनिबंधात तिचं नाव घालायचं आहे आणि प्रशस्तिपत्र द्यायचं आहे.

मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. साहेबांना वाटलं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, सापडलं.

घरी सांगितलं. गौरेशने मला उचलायचंच बाकी ठेवलं. "तांकां हांव बरयतां," तो म्हणाला, म्हणजे उत्तर तोच लिहिणार. "खातें म्हज्याच ईमेलार आसा न्हय? तूं कामार वच." मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आनंदात माणसाला काय दिसतं?

आठवड्याने मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर माझं जुनं पान उघडलं. रोज उघडत होते, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी तिथे एकच ओळ होती. असा सदस्य नाही.

परत नाव घातलं. असा सदस्य नाही.

संध्याकाळी गौरेशने अभिमानाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्याने प्रकल्पाला विवाहाचा दाखला आणि माझं आधार कार्ड पाठवून दोन्ही खाती जोडून घेतली होती. सगळे गुण, सगळा इतिहास, सुरुवातीची तारीख, सगळं आता शुभांगी साळकरच्या नावावर. आणि टीम? टीम "साळकर परिवार". ती त्यानेच केव्हातरी काढून ठेवली होती. पेडणे टीमचे जुने गुण तेवढे जागेवर राहिले होते, कारण ते टीमचे होते, कुणाच्या सुनेचे नव्हते. प्रशस्तिपत्रही आलं होतं. सुंदर छापलेलं. पल्सारचा क्रमांक, आणि खाली शोध लावणारी, शुभांगी साळकर.

"सगळें एकाच नांवार हाडलें," गौरेश म्हणाला. "तुका कितलीं वर्सां वायट दिसतालें न्हय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माका इचारलंस?"

"अगो, तुका खोशी जातली म्हूण..."

"तांदळात लिवलंस तेव्हा इचारूक नाय. नवीन खाता उघडलंस तेव्हा इचारूक नाय. आज परत? ता काम शुभांगीन केल्लाच नाय, गौरेश! तेव्हा शुभांगी होती खंय? जल्माकसुद्धा येवक नव्हती!"

तो खरंच गोंधळला होता. "पूण तूंच न्हय ती?" एवढंच म्हणत राहिला. सांगा, याचं काय करायचं?

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "नांवांत कितें आसा गो?" त्या म्हणाल्या. "काम केलें तें केलें. आमी सगळीं बदललीं. कोण मेलें?"

मी आयुष्यात त्यांना उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मगे नार्व्यासून फोन आयलो तेव्हा हाताक पीठ घेवन धावलात कित्याक? नावात काय नाय, तर ठेवूक दिवचो होतो."

त्यांचा चेहरा एकदम बंद झाला. आत जाऊन त्या विळीवर नारळ खवणत बसल्या आणि खवणतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कढीत नारळच नारळ लागला.

मी माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून प्रकल्पाला लिहिलं. उत्तर एका शास्त्रज्ञ बाईंचं आलं, सभ्य आणि ओशाळलेलं. आम्हाला वाटलं तुम्हीच लिहिताय, त्या म्हणाल्या, विनंती खात्याच्या नोंदलेल्या पत्त्यावरून आली होती. जोडलेली खाती आता वेगळी होणार नाहीत. पण खात्यावरचं नाव पासवर्ड असेल तो माणूस केव्हाही बदलू शकतो. निबंध सोमवारी छापायला जाईल आणि त्यात नाव खात्यावर असेल तेच जाईल, आम्ही पडताळणीसाठी तिथूनच उचलतो. त्याआधी बदला, प्रशस्तिपत्रही नवीन पाठवू.

पासवर्ड गौरेशकडे. बदलायची चिठ्ठी जाणार गौरेशच्या पत्त्यावर. तारा माझा, खातं माझं आणि किल्ली त्याच्या खिशात.

"दितां गो," तो म्हणाला. "पूण आयताराचो सत्कार जावंक दी. मागीर कितेंय कर. प्रवीणान बॅनर छापला, लोकांक आपयलां. आतां नांव बदललें जाल्यार लोक कितें म्हणटले? गौरेशाच्या घरांत कितें तरी जालां."

सत्कार! तो एक वेगळाच तमाशा. गावातल्या विज्ञानप्रेमी मंडळाचा प्रवीण गौरेशचा मित्र. त्याला बातमी लागली आणि त्याने वाचनालयाचा हॉल घेतला. मी त्याला फोन करून सांगितलं की माझं नाव संजना कोरगावकर असं घाला. तो हसला. "वहिनी, बॅनर तयार जालो! आनी कोरगावकर म्हणल्यार लोकांक कळचेंच ना कोण तें." म्हणजे माझ्याच सत्काराला मी कोण ते लोकांना कळावं म्हणून माझं नाव गाळायचं. वा रे विज्ञान!

रविवारी हॉल भरला होता. बॅनरवर "सौ. शुभांगी गौरेश साळकर यांचा हृद्य सत्कार", आणि मागे कुठल्या तरी आकाशगंगेचं चित्र, ज्याचा पल्सारशी काही संबंध नव्हता. पहिल्या रांगेत मी आणि गौरेश. माझ्या दुसऱ्या बाजूला अश्विनी, पेडण्याहून दोन बसा बदलून आलेली. सासूबाई मागच्या रांगेत, नवीन साडीत. वाड्यावरच्या बायकाही आल्या होत्या.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, घरसंसार सांभाळून फावल्या वेळात आपल्या भगिनीने स्वयंपाकघरातून थेट अंतराळात झेप घेतली. अश्विनीने माझा हात घट्ट धरला, नाहीतर मी तिथेच उठले असते. इतकी वर्षं मी औषधांची शुद्धता तपासते, हे ज्याच्या तोंडातून निघालं नाही त्याला माझं स्वयंपाकघर बरोब्बर ठाऊक. पुढे ते म्हणाले, अशा सुना लाभणं हे साळकर घराण्याचं भाग्य. टाळ्या. तारा सापडला तेव्हा साळकर घराण्याला मी माहीतही नव्हते. तेव्हा मी पेडण्याला उशाशी माझ्या बाबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक लावून झोपत होते.

"आतां मी सौ. शुभांगीवहिनींना विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं," प्रवीण म्हणाला.

मी उठले नाही.

ठरवून नव्हतं केलं. पायच हलले नाहीत. प्रवीणने हसत हसत परत नाव घेतलं. पाहुणे शाल उलगडून उभे राहिले. गौरेशने कोपराने ढोसलं. "उठ गो, लोक पळयतात."

"शुभांगीक बोलयलां," मी म्हटलं. मला हळू बोलायचं होतं, पण आवाज मोठा निघाला आणि माझा मला आवडला. "पल्सार शुभांगीक गावूक नाय. संजनाक गावलो. तिका बोलवा, ती येतली."

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. मागे कुणीतरी खुसखुसलं. प्रवीण माइकवर म्हणाला, "वहिनी आमच्या विनोदी आसात," आणि घामाघूम झाला. गौरेश माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर "तूंच न्हय ती?" नव्हतं. तो घाबरला होता, आणि मला बरं वाटलं, मी लपवत नाही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"प्रवीण," सासूबाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या. आवाज तिन्हीसांजेला बटण बंद करतानाचाच. "तिचें नांव संजना. संजना कोरगावकर. आमच्या घरांत येवचे आदीं तिणें तें काम केलां, तिच्या बापायच्या घरांत. तें नांव घे."

"पूण आई..." गौरेश उठायला लागला.

"तूं बस. तिका तो पासवर्ड कितें तो दी." मग माझ्याकडे बघून, वर्षानुवर्षं तेच नाव घेत असल्यासारख्या म्हणाल्या, "ऊठ गो, संजना."

बारा वर्षांत त्या घरातल्या कुणाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. मी उठणारच होते. पण गौरेशने खिशातून मोबाइल काढला, पान उघडलं, पासवर्ड घातला आणि माझ्या हातात दिला. मग मी उठले नाही. म्हटलं, इतका वेळ मी थांबले, आता सगळ्यांनी थांबा. नावाच्या रकान्यातून शुभांगी साळकर एकेक अक्षर खोडलं. संजना कोरगावकर लिहिलं. टीमच्या जागी पेडणे. पाहुणे शाल धरून उभे, प्रवीण माइक धरून उभा, शे-दीडशे माणसं माझ्या अंगठ्याकडे बघत बसलेली. ईमेलही बदलून घेतला. मी घाई केली नाही. अश्विनी शेजारी नाक पुसत होती.

मग उठले. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माइकवर सांगितलं की मी औषधांच्या प्रयोगशाळेत काम करते आणि पल्सार म्हणजे काय. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मागे बॅनर तसाच होता. तो आता प्रवीणच्या गच्चीवर मिरच्या वाळवायला आहे.

गौरेश अजून माझ्याशी जपून बोलतो, आणि बोलू दे. माझा राग गेलेला नाही. इतक्या वर्षांचा राग एका शालीने जात नाही, आणि गेला पाहिजे असं मला वाटतही नाही. निबंध आला. त्यात माझं नाव आहे. रेघेत जिथे ती आडवी झाली होती तिथून पुढे आता दुसरी रेघ जोडलेली दिसते, संध्याकाळच्या खड्ड्यांसकट. ते खड्डे मी ठेवलेत. नाहीतरी काढता येत नाहीत.

परवा घरचा फोन वाजला. इंटरनेटबरोबर तो अजून आहे, आणि त्यावर आता एकच माणूस फोन करतो.

"चंद्रभागा आसा?" सखाराममामांनी विचारलं.

"असा, मामा. बोलयतंय," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "आई, चंद्रभागेक फोन!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग नळाचा आवाज आला. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि सावकाश चालत आल्या.